मुंबई ते लंडन : किती तास?

शिक्षणासाठीं निघालेल्या मुलाचें विमान हिवाळ्यांत मुंबईहून दुपारीं दोनला सुटतें व लंडनला सायंकाळीं साडेसहाला उतरतें असें समजा. तिकिटावरील पहिली वेळ मुंबईची, दुसरी लंडनची. हें न जाणल्यामुळें आई साडेसहालाच दूरध्वनीपाशीं येऊन बसते, आणि मध्यरात्रीपर्यंत तिच्या जिवाला घोर! आपलें घड्याळ तेथल्याहून साडेपांच तास पुढें असतें. प्रवास साडेचार तासांचा नव्हे, दहा तासांचा. (उन्हाळ्यांत तिकडे घड्याळें तासभर पुढें करतात, तेव्हां हा फरक साडेचार तासांचाच उरतो.)

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलें तर हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून निघालेलें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें होतें. आतां तें अंतर एका दमांत तोडतां येतें. पण दोऱ्याला वारा लागत नाहीं, विमानाला लागतो. सुमारें दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जातांना ते समोरून येतात, परततांना पाठीशीं असतात. म्हणून परतीस बहुधा तासभर कमी लागतो. हिवाळ्यांत लंडनहून रात्रीं नऊला निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशीं साडेअकराच्या सुमारास मुंबईस उतरेल. त्याचें पान त्या हिशेबानें मांडावें.