पॅरिसमधील परदेशी कलावंत

सन १९५१ मध्ये एम.जी.एम. या अमेरिकी चित्रसंस्थेने ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ हा संगीतप्रधान चित्रपट प्रदर्शित केला. विन्सेंट मिनेली हे त्याचे दिग्दर्शक होते. चित्रपटाचा नायक जेरी मलिगन हा दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी न परतता चित्रकार होण्यासाठी पॅरिसमध्येच राहिलेला सैनिक आहे. ही केवळ कविकल्पना नव्हती. १९४४ च्या कायद्यानुसार अमेरिकी शासन माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलीत असे आणि त्या साहाय्यावर अनेक तरुण पॅरिसच्या कलाशाळांत दाखल झाले होते.

जेरीपुढे दोन पेच उभे राहतात. एक श्रीमंत अमेरिकी स्त्री त्याची चित्रे विकत घेते व त्याला आश्रय देऊ पाहते. परंतु तिला चित्रांपेक्षा चित्रकारातच अधिक रस आहे, हे जाणवून तो अस्वस्थ होतो. दुसरीकडे, ज्या तरुणीवर त्याचे प्रेम जडते ती दुसऱ्याशी वचनबद्ध असते. ती दुरावते तेव्हा चित्रपटाच्या अखेरीचा, सुमारे सतरा मिनिटांचा, प्रसिद्ध नृत्यप्रवेश सुरू होतो.

या प्रवेशाचे संगीत जॉर्ज गर्श्विन यांच्या १९२८ मधील वाद्यवृंदरचनेचे आहे. पॅरिसच्या रस्त्यांवरील गजबज ऐकू यावी म्हणून त्यांनी तेथील टॅक्सीगाड्यांचे भोंगेही त्या रचनेत योजले होते. मध्यंतरी मात्र संगीताचा नूर पालटतो आणि अमेरिकी ‘ब्लूज’चे विषण्ण स्वर उमटतात. परक्या नगरीत हिंडणाऱ्या प्रवाशाला अचानक लागलेली घराची ओढ त्यांतून व्यक्त होते. चित्रपटात या ओढीची जागा प्रियेच्या विरहाने घेतली आहे.

हे पॅरिस जवळजवळ सर्वस्वी कॅलिफोर्नियातील चित्रनगरीत उभारलेले होते. नृत्यप्रवेशातील देखावेही द्युफी, रन्वार, युत्रिलो, रूसो, व्हॅन गॉग आणि तुलूझ-लोत्रेक यांच्या चित्रशैलींवरून रचलेले होते. नायक पॅरिस पाहतो ते इतरांच्या कुंचल्यांतून! प्रेक्षकाच्या स्मरणात त्या थोर चित्रकारांचे रंग राहतात, जेरीची स्वतःची चित्रे राहत नाहीत. परदेशी गेलेल्या कलावंताने तेथे नेमके काय रंगवावे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.

याच प्रश्नाला मुंबईच्या कलाशाळेत घडलेल्या चित्रकारांनी त्याच सुमारास प्रत्यक्षात उत्तर शोधले. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५१ मध्ये मडगावचे लक्ष्मण पै तेथे पोहोचले. सर जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या पै यांनी पॅरिसमध्ये भित्तिचित्रण व अम्लरेखनाचे शिक्षण घेतले आणि सुमारे दहा वर्षे तेथे वास्तव्य केले. या काळात त्यांची चित्रे आपल्याच मातीकडे वळली. गोव्याचे लोकजीवन, जयदेवांचे गीतगोविंद आणि रामायण हे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. पुढे त्यांनी भारतीय रागांचे भाव रंगरेषांत उतरविले. मायदेशी परतल्यावर १९७७ ते १९८७ या काळात ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

रझा मात्र अनेक दशके फ्रान्समध्येच राहिले. तरीही त्यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांचे केंद्र ठरला तो ‘बिंदू’. बालपणी मध्य प्रदेशातील एका खेड्यातील शाळेत शिक्षकांनी चित्त स्थिर व्हावे म्हणून त्यांना भिंतीवर दाखविलेला ठिपका.

एक चित्रकार परतला, दुसरा दीर्घकाळ तेथेच राहिला. परंतु दोघांनीही पॅरिसकडून तंत्र आणि मोकळीक घेतली, दृष्टी मात्र उसनी घेतली नाही. गर्श्विन यांच्या रचनेतील ती घराची ओढ चित्रपटात प्रेमकथेत विरून गेली. या दोन चित्रकारांच्या बाबतीत तीच त्यांच्या कलेचे भांडवल झाली.