एक कोअर की दोन? जुन्या संगणकाच्या प्रोसेसरची निवड

कोअर म्हणजे काय

प्रोसेसरचा जो भाग आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आकडेमोड करून उत्तर मेमरीकडे पाठवतो, त्याला कोअर म्हणतात. सर्व्हरमध्ये दोन स्वतंत्र प्रोसेसर शेजारी बसवण्याची पद्धत जुनी आहे. एकाच चिपवर दोन कोअर आणले ते आयबीएमच्या पॉवर४ ने, २००१ मध्ये. घरगुती संगणकात ही रचना २००५ च्या मध्यास आली : इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२. दोन्ही कोअर एकाच सॉकेटमध्ये बसत असल्याने संगणक न बदलता नुसता प्रोसेसर बदलून दुसरा कोअर मिळवण्याचा पर्याय प्रथमच सामान्य ग्राहकासमोर आला, आणि निवडीचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला.

दुसऱ्या कोअरची गरज कोणाला पडली

खरे तर आधी निर्मात्यांना. प्रोसेसरला लागणारी वीज घड्याळाच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून थोड्या वेगासाठी बरीच उष्णता सोसावी लागते. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशी त्यांतून होणारी विजेची गळतीही वाढली. पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या आवृत्तीचा बेत सोडून दिला. ट्रान्झिस्टरची संख्या मात्र वाढतच होती. ते एका कोअरला पळवण्यासाठी वापरता येईनात, तेव्हा त्यांचा दुसरा कोअर झाला. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमांना या दुसऱ्या कोअरचा पत्ताच नव्हता, यात नवल नाही.

दोन ‘३८००+’

निवडीचे मर्म एएमडीच्या एकाच क्रमांकाच्या दोन प्रोसेसरांत स्पष्ट दिसते. एक कोअरचा अ‍ॅथलॉन ६४ ३८००+ हा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या एक्स२ ३८००+ मध्ये दोन कोअर आहेत, पण प्रत्येकाचा वेग २.० गिगाहर्ट्झ. सॉकेट दोघांचे एकच, ९३९. खोक्यावरचा आकडा सारखा असला तरी हे दोन वेगळ्या स्वभावाचे प्रोसेसर आहेत.

समजा, एखादे काम पहिल्या प्रोसेसरवर १० मिनिटांत होते. दुसऱ्याच्या एकाच कोअरवर तेच १२ मिनिटे घेईल. त्या १२ मिनिटांपैकी काहीच वाटून घेता येत नसेल, तर दुसरा कोअर बसून राहतो आणि २ मिनिटांचा तोटा होतो. ४ मिनिटांचे काम वाटता आले, तर ८ अधिक २ म्हणजे १० : बरोबरी. निम्मे वाटता आले, तर ६ अधिक ३ म्हणजे ९. नऊ-दशांश वाटता आले, तर ६.६ मिनिटे. म्हणजे या जोडीपुरता उंबरठा एक-तृतीयांशाचा आहे. त्याहून अधिक काम विभागता येत असेल तरच दोन कोअरचा सौदा फायद्याचा.

वाटता न येणारा भागच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडले आणि तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वयंपाकघरात हे निराळे शिकवावे लागत नाही. एकीने लाटायच्या आणि दुसरीने भाजायच्या असे ठरले की पोळ्या लवकर होतात. पण ओट्याशी दोघी उभ्या आहेत म्हणून कुकरची शिट्टी लवकर होत नाही.

काम वाटते कोण

प्रोग्रॅम आपले काम थ्रेड नावाच्या स्वतंत्र धाग्यांत मांडतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते धागे मोकळ्या कोअरवर सोपवते. धागा एकच असेल, तर कोअर दोन असूनही वेग एकाचाच मिळतो. विंडोज एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. परफॉर्मन्सच्या पानावर दोन आलेख दिसतात, काम जिवाच्या आकांताने चाललेले असते आणि तरीही एकूण वापराचा आकडा ५० टक्क्यांवर अडून राहतो. अनेकदा सिस्टिम तोच धागा या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते, त्यामुळे दोन्ही आलेख निम्म्याच्या आसपास डुलताना दिसतात. दोघेही काम करत आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात ते पाळीपाळीने करतात.

पेंटियम ४ मधील हायपर-थ्रेडिंग हाही सिस्टिमला दोन प्रोसेसर दाखवणारा प्रकार, पण त्यात कोअर एकच असतो. त्याच्या रिकाम्या क्षणांत दुसरा धागा घुसवला जातो. दुसऱ्या कोअरशी त्याची बरोबरी होत नाही.

कोणते काम विभागते

चित्रफितीचे रूपांतर, त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग, मोठ्या छायाचित्रावरील फिल्टर ही कामे सहज वाटली जातात, कारण चित्राचा एक तुकडा बहुतांशी दुसऱ्याची वाट पाहत नाही. २००५-०६ मधील बहुतेक गेम मात्र एकाच मुख्य धाग्यावर चालत. त्यांच्यासाठी अधिक वेगाचा एक कोअरच सरस होता, तोही ग्राफिक्स कार्ड तुल्यबळ असेल तर. टंकलेखन आणि इंटरनेट यांना दोन्ही पुरतात.

घड्याळाने सहज मोजता न येणारा एक लाभ राहतो. पार्श्वभूमीला अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना एक कोअरचा संगणक खिडकी उघडायलाही अडखळतो; दोन कोअरचा अडखळत नाही. रोजच्या वापरात हाच फरक आधी जाणवतो, आणि माझ्या मते दोन कोअरच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे. कोणताही एक प्रोग्रॅम वेगवान होत नाही, पण एकामुळे दुसरा खोळंबत नाही.

जिथे दुसरा कोअर उपयोगी नाही

२५६ एमबी रॅमचा संगणक रॅम संपल्यावर हार्ड डिस्ककडे धाव घेतो. मग दोन कोअर मिळून डिस्कचीच वाट पाहतात. अशा यंत्रात आधी रॅम वाढवणे शहाणपणाचे. विंडोज ९८ ला दुसरा कोअर वापरता येत नाही. एक्सपी होम एकाच प्रोसेसरला परवानगी देते, पण ती मोजणी सॉकेटची आहे, कोअरची नाही, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. एक्स२ च्या दोन कोअरमधील वेळ मोजणारे गणक कधी एकमेकांपासून ढळत आणि काही जुने गेम धक्के खात किंवा भलत्याच वेगाने पळत. त्यावर एएमडीने ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर नावाचे छोटे सॉफ्टवेअर दिले होते.

सॉकेट, बायोस आणि एसएमपीएस

सॉकेट ७५४ च्या डेस्कटॉप बोर्डांसाठी दोन कोअरचा अ‍ॅथलॉन आलाच नाही. ९३९ च्या बऱ्याच बोर्डांवर तो नव्या बायोससह चालतो. हा बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरून घ्यावा लागतो. नवा बसवल्यावर डिस्प्लेच आला नाही, तर बायोस भरणार कशाने? पेंटियम डी ची गंमत वेगळी. तो पेंटियम ४ च्याच ७७५ सॉकेटमध्ये नेमका बसतो, पण ९१५ चिपसेटच्या बोर्डावर चालत नाही; त्याला ९४५ किंवा पुढचा चिपसेट लागतो. शिवाय ३.२ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डी ८४० ची उष्णता-मर्यादा १३० वॅट आहे. कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्त एसएमपीएस हा भार पेलेलच असे नाही.

जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या ई६६०० मॉडेलला ६५ वॅटची मर्यादा पुरली आणि एकट्या धाग्यावरही तो पेंटियम ४ ला मागे टाकू लागला. एक वेगवान की दोन सावकाश, ही अदलाबदल त्याने संपवली. पण ९३९ च्या मालकाला त्यासाठी बोर्ड बदलावा लागे आणि बोर्डाबरोबर बहुधा डीडीआर२ रॅमही, म्हणजे जुन्या यंत्रातून कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एवढेच काय ते वाचत असे.