काजळीचे ठसे

मुलांनो, तुमचे वय किती? तेरा किंवा चौदा वर्षे असेल. आज मी तुम्हांला नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिकत सांगणार आहे. ही कल्पित गोष्ट नाही. लंडनच्या न्यायालयाच्या दप्तरात तिची नोंद आहे.

त्या मुलाचे नाव जॉन हडसन. त्याचे आईवडील वारले होते. ते कधी वारले, हेही त्याला सांगता येत नव्हते. अधूनमधून तो धुरांडी साफ करण्याचे काम करी. त्या काळी लंडनमध्ये घरात ऊब यावी म्हणून कोळसा जाळत. धूर बाहेर जाण्यासाठी भिंतीतून छपरापर्यंत अरुंद धुरांडे बांधत. त्यात काजळी साठे. मोठा माणूस आत शिरू शकत नसे, म्हणून लहान मुलांना आत चढवीत. मुलांचे गुडघे आणि कोपरे सोलून निघत. छातीत काजळी जाई.

१७८३ साली एका घरात चोरी झाली. एक सदरा, काही रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन एवढाच माल गेला. पण चोराच्या खुणा मागे राहिल्या होत्या. त्या होत्या काजळीने माखलेल्या बोटांचे आणि छोट्या पावलांचे ठसे! जॉन पकडला गेला. घरफोडीला तेव्हा फाशीची शिक्षा होती. पंचांनी घरफोडी मान्य केली नाही, फक्त चोरी मान्य केली. जॉनचा जीव वाचला. पण त्याला सात वर्षांसाठी समुद्रापार पाठवण्याची शिक्षा झाली.

ही शिक्षा म्हणजे हद्दपारी. उर्दूत तुम्ही तिला जलावतनी म्हणता. इंग्रज सरकार आपले कैदी पूर्वी अमेरिकेत पाठवत असे. अमेरिकेने स्वातंत्र्याचे युद्ध सुरू केले आणि ती वाट बंद झाली. तुरुंग भरून गेले. मग जुनी जहाजे नांगरून ठेवून त्यांतच कैदी कोंडू लागले.

१७८४ साली जॉनला अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढवले. कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतले आणि ते इंग्लंडच्याच किनाऱ्याला लागले. जॉन पुन्हा पकडला गेला. पुढे प्लिमथजवळच्या तुरुंग-जहाजात त्याचे दिवस गेले. ज्या वयात तुम्ही पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेलात, त्या वयात तो कैद्यांमध्ये वाढला.

१३ मे १७८७ रोजी ११ जहाजांचा तांडा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. त्यावर ७०० हून अधिक कैदी होते. त्यांत जॉनही होता. आठ महिन्यांच्या प्रवासानंतर, २६ जानेवारी १७८८ रोजी, तांडा सिडनीच्या किनाऱ्यावर आला. तेथे हजारो वर्षांपासून मूळ रहिवासी राहत होते. त्यांना कोणी काही विचारले नाही. १८६८ पर्यंत दीड लाखांहून अधिक कैदी या खंडात आणले गेले.

सिडनीत अन्नाची टंचाई पडली. मार्च १७९० मध्ये बऱ्याच लोकांना दूरच्या नॉरफोक बेटावर पाठवले. जॉनही तेथे गेला. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला ५० फटके मारण्यात आले. गुन्हा कोणता? रात्री नऊनंतर तो झोपडीबाहेर दिसला. निकालाच्या दिवसापासून मोजले, तर त्याची सात वर्षे दोन महिन्यांपूर्वीच पुरी झाली होती! त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

तुम्ही 'काळे पाणी' हा शब्द ऐकला असेल. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आपल्या लोकांनाही असेच अंदमानला पाठवले. विद्वान मौलाना फज्ले-हक खैराबादी तेथेच १८६१ साली वारले.

चोरी वाईटच, यात शंका नाही. पण पोरक्या मुलाला देशाबाहेर टाकल्याने तो सुधारतो का? आज आपल्या देशात नऊ वर्षांच्या मुलाने चोरी केली, तर त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. त्याने काय केले, हे तेथे पाहतात. त्याला घर आहे का, तो शाळेत जातो का, हेही विचारतात. जॉनला न्यायालयाने त्याचे वय विचारले, आईवडिलांविषयीही विचारले. उत्तरे ऐकली आणि शिक्षा दिली. नुसते विचारणे पुरेसे असते का? मुलांनो, विचार करा.