खोललेल्या गाडीचा गुन्हा

उत्तर प्रदेशातल्या मेरठ शहरातला सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी बंद पाडला. चोरीच्या गाड्या कापून त्यांचे भाग विकण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी शाहजहांपूरच्या सभेत त्याचं नाव घेतलं आणि मेरठकरांना वर्षानुवर्षं ठाऊक असलेली गोष्ट देशभर पोचली. पोलिसांनी दुकानदारांना एकच विचारलं: माल कुठून आला, कागद दाखवा. ज्यांच्यावर उत्तर प्रदेशचा १९८६चा गँगस्टरविरोधी कायदा लागला, त्यांच्या मालमत्तांवर टाच आली. त्या कायद्याचं कलम १४ गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला देतं.

चोरीची गाडी खोलणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१७खाली, चोरीच्या मालाच्या व्यवहारात येतो. जाणूनबुजून असा माल घेतला किंवा जवळ ठेवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. लपवायला किंवा विल्हेवाट लावायला मदत केली, तरी तेवढीच. पण हाच धंदा करून बसलेल्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साध्या चोरीला, पहिल्यांदा दोषी ठरल्यास, कमाल शिक्षा तीन वर्षांची. म्हणजे रात्री हँडल लॉक तोडणाऱ्या पोरापेक्षा त्याचा कायमचा गिऱ्हाईक कायद्याच्या नजरेत कितीतरी मोठा गुन्हेगार आहे. हे मला अगदी रास्त वाटतं. विकत घेणारा बसलेला असतो, म्हणूनच चोरी होते. १८६०च्या दंडसंहितेतही हा फरक होता. नव्या संहितेच्या कलम १११ने तर संघटित गुन्हेगारीत वाहनचोरीचं नाव घेऊन उल्लेख केला. अशा टोळ्यांवर वापरता येईल असा मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, महाराष्ट्रात १९९९पासून आहेच.

तरीही आरोपी सुटतात, कारण खटला अडतो तो पुराव्यावर. सर्वोच्च न्यायालयाने त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात दंडक घालून दिला: माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्याकडे होता आणि तो चोरीचा असल्याचं आरोपीला ठाऊक होतं, हे तिन्ही सरकार पक्षाने सिद्ध करायचं. चोरीनंतर लगेच माल सापडला आणि त्याचा खुलासा देता आला नाही, तर न्यायालय आरोपीविरुद्ध अनुमान काढू शकतं. मात्र आधी हा दरवाजा, हा हेडलाइट अमक्याच गाडीचा, हे तर ठरलं पाहिजे! ठोकलेला क्रमांक असतो चॅसिसवर आणि इंजिनावर. बाकीची गाडी बहुधा बिननावाची.

म्हणून आधी ग्राइंडर फिरतो तो या दोन जागांवर. पण पोलाद सहजी विसरत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत घासलेली जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात आणि क्युप्रिक क्लोराइड मिसळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल कापसाच्या बोळ्याने तिच्यावर फिरवत राहतात. क्रमांक ठोकताना अक्षराखालचा धातूही दबलेला असतो. या दबलेल्या धातूवर आम्लाची क्रिया वेगळी होते आणि गेलेले आकडे पुसटसे वर येतात. लगेच फोटो घ्यायचा, कारण ते टिकतीलच असं नाही. घासण्याचा घाव फार खोल गेला असेल, तर मात्र काहीच हाती लागत नाही.

मग उरते कबुली. पण पोलिसांपुढच्या कबुलीवर विसंबता येत नाही. ‘गाडी मी कापली’ हे वाक्य पुराव्यात चालत नाही. ‘सांगाडा शेडमागे टाकलाय, दाखवतो’ यातला शोधाला कारण ठरलेला भागच चालतो. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही रेघ आखली. त्यात पंच फितूर झाले की असं निवेदन नोंदवणारा मेमोरंडम पंचनामा लंगडा पडतो.

अमेरिकेने १९८४मध्ये जास्त चोरीला जाणाऱ्या मोटारींच्या मुख्य भागांवर ओळखक्रमांक सक्तीचा केला आणि १९९२मध्ये चोरीच्या गाड्या कापण्याचा अड्डा चालवणं हाच केंद्रीय गुन्हा ठरवला; पहिल्या खेपेला पंधरा वर्षांपर्यंत कैद. आपल्या २०२१च्या स्क्रॅपिंग केंद्र नियमांनुसार गाडी चोरीच्या नोंदीत आहे का हे आधी तपासावं लागतं आणि चॅसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा जपावा लागतो. पण ही शिस्त नोंदणीकृत केंद्रांच्या फाटकाशी संपते. जुन्या भागांच्या प्रत्येक दुकानात खरेदीची वही आणि प्रत्येक मोठ्या भागावर क्रमांक, एवढं झालं पाहिजे. कारण चोरीची झळ साध्या माणसाला बसते: हप्ते फिटायच्या आत बाईक गेलेल्या डिलिव्हरीवाल्याची रोजीही तिच्याबरोबर जाते, हप्ते मात्र चालूच राहतात.

आणि स्वस्तात दरवाजा घेणारा आपण? १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडे मालकी नसेल, तर घेणाऱ्यालाही सहसा ती मिळत नाही. प्रामाणिकपणे घेतलेला भागही मूळ मालकाला किंवा त्याची भरपाई देऊन हक्क मिळवलेल्या विमा कंपनीला परत मागता येतो. चोरीचा आहे हे नंतर कळूनही अप्रामाणिकपणे ठेवून घेतला, तर कलम ३१७ आपल्यालाही लागू शकतं. पैसे परत मागायचा हक्क आहे तो दुकानदाराकडे, आणि त्यासाठी हातात बिल लागतं.