मृत्युस्थळाची नोंद आणि राजकीय चरित्र : ईरी काउंटीचा दाखला

चरित्रकोशांतील मृत्युस्थळांच्या आधारे एखाद्या प्रदेशातील राजकारणी पुरुषांची यादी सिद्ध करण्याचा मोह अभ्यासकास सहज होतो. अशी यादी कितपत विश्वसनीय असते, हे न्यूयॉर्क राज्यातील ईरी काउंटीच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. बफेलो हे या काउंटीचे मुख्य ठाणे.

अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष येथे निवर्तले. पैकी मिलर्ड फिलमोर यांच्याविषयी वाद संभवत नाही. बफेलोत त्यांनी वकिली केली, अध्यक्षपदानंतर ते तेथेच परतले व ८ मार्च १८७४ रोजी तेथेच वारले. विल्यम मॅकिन्ली यांची गोष्ट निराळी. ते ओहायोतील कॅन्टनचे. बफेलोस आले ते १९०१ च्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनाचे पाहुणे म्हणून. ६ सप्टेंबर रोजी लिऑन चोल्गोश याने त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. प्रदर्शनाच्या लहानशा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती करणारे डॉ. मॅथ्यू मॅन स्त्रीरोगांचे तज्ज्ञ होते. पोटातील गोळी सापडली नाही, आणि प्रदर्शनात क्ष-किरण यंत्र असूनही त्याचा उपयोग केला गेला नाही. प्रकृती सुधारत असल्याचे जाहीर होत असतानाच जखमेत कोथ झाला व १४ सप्टेंबरच्या पहाटे जॉन मिलबर्न यांच्या घरी त्यांचा अंत झाला. त्याच दिवशी थिओडोर रूझवेल्ट यांचा शपथविधीही बफेलोतच झाला. मॅकिन्ली यांचे दफन मात्र कॅन्टन येथे आहे. ईरीच्या राजकारणाशी त्यांचा संबंध मृत्यूपुरताच, असे म्हणण्यास हरकत नाही.

याउलट ग्रोव्हर क्लीव्हलँड हे १८७१ ते १८७३ या काळात याच काउंटीचे शेरीफ (दोन फाशीच्या शिक्षा त्यांनी स्वहस्ते अमलात आणल्या) व पुढे बफेलोचे महापौर. परंतु १९०८ साली ते न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे वारले. सबब मृत्युस्थळांच्या यादीत त्यांना स्थान नाही! एवंच, वास्तव्य, अधिकारपद व मृत्यू यांच्या नोंदी पृथक् ठेवणे अगत्याचे आहे.

सीमांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ईरी काउंटी नायगारा काउंटीतून वेगळी झाली ती १८२१ साली. तत्पूर्वी बफेलोत मरण पावलेला गृहस्थ तत्कालीन कागदपत्रांनुसार नायगारा काउंटीत वारलेला ठरतो. युद्धमंत्री झालेले पीटर पोर्टर यांचे कर्तृत्व बव्हंशी ब्लॅक रॉकशी, म्हणजे पुढे बफेलोत समाविष्ट झालेल्या गावाशी, निगडित होते. १८४४ साली ते नायगारा फॉल्स येथे वारले, आणि नाव गेले शेजारच्या काउंटीकडे.