जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सची घरगुती निगा

ज्या शेतकऱ्याच्या दारांत दहा-पंधरा वर्षांची बोलेरो, सुमो अथवा स्कॉर्पिओ उभी असते, त्याच्या दृष्टीनें ती केवळ बसण्याचें वाहन नव्हे. पहांटे ती भाजीच्या जाळ्या घेऊन बाजाराची वाट धरते, दुपारीं खताच्या गोण्या आणते, आणि रात्रीं घरांत कोणी आजारी पडल्यास तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तिचाच आधार असतो. आपल्या राज्यांत खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें गाडी तपासून घेऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून मिळते. जुनी गाडी बाळगण्यास अशी मोकळीक आहे खरी. परंतु ती चालविण्याजोगी राखणें हें मालकाचें काम होय. इंजिनाकडे बहुतेकांचें लक्ष असतें. गिअरबॉक्सकडे मात्र तो बिघडेपर्यंत कोणी पाहत नाहीं, आणि जुन्या गाडीस भंगाराची वाट दाखविणारा खर्च पुष्कळदां तेथेंच निघतो. म्हणून या लेखांत गिअरबॉक्स, त्यांतील तेल व त्या तेलाची उष्णता यांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही राहतों त्या भांडुपाचा आणि घाटाच्या वाहतुकीचा संबंध जुना आहे. मुंबईहून ठाणें, कल्याण व पुढें घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांस १८४३ सालीं भांडुपास आले असतां सुचली, असें नमूद आहे. दहा वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी याच बाजूनें गेली. जुना आग्रा रोड, ज्यास आतां लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, तोहि भांडुपावरून ठाण्याकडे जातो. मुंबईंत १९४७ सालीं महिंद्रा कंपनीनें विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्याच कंपनीची बोलेरो २००० सालीं व स्कॉर्पिओ २००२ सालीं निघाली. टाटांची सुमो त्यापूर्वीं, १९९४ सालीं, आली. आज भांडुपाच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या या जुन्या गाड्यांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव घाटाच्या पायथ्याशीं अथवा माथ्यावर असतें. आठवड्याचे पांच दिवस त्या शहराच्या गर्दींत रांगतात आणि सहाव्या दिवशीं भरल्या अंगानें कसारा अथवा माळशेज घाट चढतात. गिअरबॉक्सला याहून कठीण काम दुसरें नाहीं.

उष्णता कोठून येते?

गिअरबॉक्स दोन जातींचे. पहिला हातानें गिअर टाकण्याचा साधा, दुसरा आपोआप गिअर बदलणारा, म्हणजे ऑटोमॅटिक. साध्या गिअरबॉक्समध्यें दांते एकमेकांवर घासतात व तेल घुसळलें जातें, तेवढीच उष्णता निघते. ती पेटीच्या बाहेरील अंगावरून वाऱ्यास मिळते. त्यास निराळा कूलर लागत नाहीं. तेल पुरेसें व चांगलें असणें आणि पेटीवर चिखलाचा थर नसणें, एवढ्यावर त्याचें भागतें.

ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. तेथें इंजिनाचें बळ टॉर्क कन्व्हर्टर नांवाच्या बंद भांड्यांतील तेलामार्फत पुढें जातें. एक पंखा तेल फेंकतो, दुसरा त्या तेलाच्या जोरावर फिरतो. दोहोंच्या वेगांत जितकें अंतर, तितकें बळ फुकट जाऊन त्याची उष्णता होते. गाडी हळू आणि भार जास्त, म्हणजे चढावर किंवा गर्दींत, हें अंतर फार वाढतें. अशा गिअरबॉक्सचें तेल साधारणतः ८० ते ९५ अंश सेंटिग्रेडपर्यंत राहिलें तर चिंता नसते. १२० अंशांच्या पुढें तें झपाट्यानें करपूं लागतें. दर दहा-अकरा अंश वाढीस तेलाचें आयुष्य निम्मे होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. करपलेल्या तेलाचा चिकटा आंतील बारीक वाटा धरतो, क्लचच्या चकत्या घसरूं लागतात, आणि घसरण्यानें उष्णता आणखी वाढते. याप्रमाणें रोगच रोगास वाढवितो.

साध्या गिअरबॉक्सचें तेल

हें काम दोन-चार पाने, एक पसरट भांडें व तेल भरण्याची पिचकारी एवढ्या साहित्यावर घरीं होतें. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड अथवा लाकडी ठोकळे लावावे. गाडी उचलावयाची झाल्यास केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींहि शिरूं नये. मजबूत लोखंडी स्टँड लावल्याविना अंग खालीं घालणें म्हणजे जिवावरचा खेळ आहे.

प्रथम तेल भरण्याचा वरचा नट सुटतो कीं नाहीं हें पाहावें आणि मगच तेल काढण्याचा खालचा नट उघडावा. कित्येक लोक उलट करतात. तेल निघून जातें, वरचा नट गंजानें सुटत नाहीं, आणि गाडी कोरड्या पेटीनिशीं अडकून पडते. तेल कोमट असतां निथळावें, म्हणजे गाळहि त्याबरोबर निघतो. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरील लेप बोटांत चोळून पाहावा. करडा मऊ लेप ही नेहमींची झीज होय. दांत्याचे कण अथवा तुकडे मिळाल्यास मात्र गाडी जाणत्या कारागिराकडे नेली पाहिजे. नवें तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलें कीं थांबावें.

तेल कोणतें घालावें हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें, दुकानदारास विचारून ठरवूं नये. ९० नंबर म्हटलें म्हणजे सर्व तेल एकच, असें नव्हे. जीएल-४ व जीएल-५ असे त्यांत प्रकार आहेत. मागच्या डिफरन्शियलच्या दांत्यांवर घासणीचा दाब फार असल्यानें तेथें जीएल-५ लागतें. पण त्यांतील तीव्र मसाले कांहीं गिअरबॉक्समधील पितळी कड्यांस मानवत नाहींत.

एक लहानशी नळी

गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांच्या डोक्यावर हवा ये-जा करण्यासाठीं एक लहान तोंड असतें. त्यास ब्रीदर म्हणतात. तेल तापलें कीं आंतील हवा फुगते व या वाटेनें बाहेर जाते. ती वाट चिखलानें बुजली तर हवेचा दाब तेलास सीलमधून बाहेर ढकलतो. उलट, तापलेली गाडी ओढ्याच्या थंड पाण्यांत उतरली कीं आंतील हवा आकसते आणि बुडालेला ब्रीदर अथवा जुनें सील यांतून पाणी आंत ओढलें जातें. पावसाळ्यानंतर तेल दुधाळ दिसण्याचें हें एक मुख्य कारण होय. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचें व हायड्रॉलिकचें तेल एकच असतें. तेथें पाणी शिरल्यास लिफ्टहि बिघडते.

आमच्या शेजारीं राहणारे एक गृहस्थ मुरबाड तालुक्यांत वडिलार्जित शेती राखून आहेत. त्यांच्या गाडीच्या गिअरबॉक्सचें मागील सील दोनदां बदलूनहि गळती थांबेना, तेव्हां एका वर्कशॉपनें सबंध गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला. त्यांनीं खर्चाचा आंकडा ऐकून गाडी विकण्याचें मनांत आणलें होतें. त्यांच्या मुलानें ब्रीदर काढून पाहिला तों तो लाल मातीनें गच्च भरलेला. तो डिझेलनें धुवून बसविला, तिसरें सील घातलें, आणि गळती बंद झाली. ब्रीदर धुण्यास पै लागत नाहीं. दर पावसाळ्याआधीं व नंतर तो पाहणें इतकेंच पुरे.

ऑटोमॅटिक व त्याचा कूलर

ज्यांच्या गाडीस ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे त्यांनीं तेलाचा रंग व वास ओळखण्यास शिकावें. नवें तेल बहुधा तांबडें असतें. तें काळसर होऊन करपट वास येऊं लागला म्हणजे बदलण्याची वेळ टळत चालली असें समजावें. तेल गुलाबी दुधासारखें दिसल्यास गाडी तत्क्षणीं थांबवावी. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकींतच बसविलेला असतो. तो आंतून कुजला म्हणजे कूलंटचें पाणी तेलांत मिसळतें, आणि तें तेल क्लचच्या चकत्या उकलून टाकतें. म्हणून जुन्या गाडीचा रेडिएटर वेळींच बदलणें हा गिअरबॉक्सचा विमाच होय. खालचा नट उघडल्यानें यांतील सर्व तेल निघत नाहीं. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें बरेंच उरतें. यास्तव थोड्या अंतरानें पुन्हां एकदां तेल बदलावें. तेल कमी जसें वाईट तसें जास्तहि वाईट. जास्त तेलास फेंस येतो व फेंसांतून दाब धरत नाहीं.

नवा कूलर घेण्यापूर्वीं जुना स्वच्छ करावा. रेडिएटरच्या जाळींत किडे, गवताचा भुसा व चिखल बसला कीं वारा आंत जात नाहीं. इंजिनाच्या बाजूनें पुढच्या बाजूस साध्या नळाच्या पाण्यानें ती धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें पातळ पत्रे वांकतात. एवढ्यानें काम न भागल्यास, व गाडी नेहमीं भार घेऊन घाट चढत असल्यास, जादा कूलर बसवावा. तेल आधीं रेडिएटरमधील कूलरमधून, मग जादा कूलरमधून आणि तेथून परत गिअरबॉक्सकडे, हा क्रम असावा. कूलर रेडिएटरच्या पुढें वारा लागेल अशा जागीं, आपल्या पट्ट्यांवर भक्कम बसवावा; रेडिएटरच्या जाळींतून खिळे ओवूं नयेत. नळ्या गरम तेलास व दाबास टिकणाऱ्याच घ्याव्या. पाण्याची रबरी नळी येथें लावल्यास ती एके दिवशीं फुटेल व कांहीं क्षणांत सर्व तेल रस्त्यावर जाईल.

घाटांतील वागणूक

साध्या गाडीनें चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवूं नये, हँडब्रेकनें धरावी. ऑटोमॅटिक गाडी चढावर वारंवार गिअर बदलूं लागली तर हातानें खालचा गिअर धरावा, म्हणजे तेलाची घसरण व उष्णता दोन्ही कमी होतात. गाडी तापल्याचें दिसतांच कडेला घ्यावी, पण इंजिन एकदम बंद करूं नये. गिअर पार्कमध्यें घालून तें संथ चालूं द्यावें, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहून निवतें. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरानें ओढीत नेऊं नये. इंजिन बंद असतां तेलाचा पंप फिरत नाहीं, चाकें मात्र आंतील भाग कोरडे फिरवितात. ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

जुनें तेल आणि नोंदवही

निथळलेलें तेल बांधावर ओतण्याची किंवा वाळवीसाठीं कुंपणाच्या खांबांस फांसण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. त्यांत झिजलेल्या धातूंचा अंश असतो व तें मातींतून विहिरीस पोंचतें. २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. तें डब्यांत भरून परवानाधारक गोळा करणाऱ्यासच द्यावें.

शेवटीं एक सूचना. महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें. जमिनीचा फेरफार वेळींच नोंदला नाहीं तर पुढील पिढीस केवढे हेलपाटे पडतात हें आम्हीं पाहिलें आहे. गाडीचेंहि तसेंच. एक वही करून तींत तारीख, किलोमीटर, कोणतें तेल किती घातलें, जुन्या तेलाचा रंग व वास, चुंबकावर काय आढळलें आणि ब्रीदर केव्हां धुतला, एवढें लिहावें. दोन वर्षांच्या नोंदी हातीं असल्या म्हणजे कारागिराशीं बोलतांना मालकास आपली बाजू मांडतां येते, आणि गिअरबॉक्स बदलावा कीं सील, हा निर्णय दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून घ्यावा लागत नाहीं. पावसाळा संपून ओढ्यांचें पाणी उतरलें कीं आमच्या वाचकांनीं या वहीचें पहिलें पान लिहावें, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.