हिंडती-फिरती मातीची शेगडी

शेगडी आपल्याला नवी नाही. पण नुसत्या पत्र्याची बरीच आच वाऱ्याला देते, आणि नुसती मातीची गाडीच्या पहिल्याच हिसक्याला तडकते. केनिया देशात १९८०च्या दशकात दोन्हींचा मेळ घालून ‘जिको’ शेगडी निघाली. मूळ कल्पना थायलंडच्या बादलीशेगडीची. बाहेर डमरूच्या घाटाचे पत्र्याचे कवच, वरच्या भागात भाजलेल्या मातीची भोकाची वाटी. राख खाली पडते, खालच्या दारातून वारा कमीजास्त करायचा. खरी गोम सांध्यात आहे. तापल्यावर पत्रा मातीपेक्षा जास्त फुगतो, म्हणून मध्ये सिमेंट व व्हर्मिक्युलाइटचा थर देतात.

शिवारात वांगी-कणसे भाजायला अशी शेगडी झकासच, पण तोडणीच्या टोळीलाही ती उपयोगी पडावी. कोळसाही आपल्याच फडातला! पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीबद्दल पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. कोळशाची भुकटी खळीत मळून कांड्या पाडायच्या. अर्थात खोडव्यातले पाचट कुजवावे हेच बरे. जे एरवी पेटवूनच देणार, त्याचाच कोळसा करावा.

मात्र टोळीवाल्यांना एवढे बजावून सांगा: थंडी कितीही असो, कोपीचे दार लावून पेटती शेगडी आत ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.